धोकटीतील तुरटी

आपल्या समाजाच्या सभासंमेलनांत इतिहासाचा विषय निघाला की, वक्ते प्रतापगडापासून आरंभ करतात. आणि ते योग्यच आहे. १६५९ साली अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगी छत्रपतींवर चालून आलेल्या सय्यद बंडाचा वार जिवा महाला यांनी निष्फळ केला. पुढच्याच वर्षी, १६६० साली, आपल्या करवीरच्या उशाशी असलेल्या पन्हाळगडाला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता शिवा काशीद यांनी महाराजांचा वेष धारण करून पालखीत बसण्याचे व मरणास सामोरे जाण्याचे पत्करले. त्यानंतर श्रीसंत सेना महाराजांचे स्मरण होते, श्रावण वद्य द्वादशीच्या पुण्यतिथीचा उल्लेख होतो, आणि आपला इतिहास बहुधा तेथेच संपतो.

परंतु या तेजस्वी नावांच्या मागे असंख्य बिननावाची माणसे उभी आहेत. ती कोणत्याही लढाईत नव्हती. पहाट होताच ती धोकटी काखेस मारून घरोघर जात, परक्या माणसाच्या गळ्यावर उघडे पाते धरीत आणि त्याला सुखरूप उठवीत. आपल्या गळ्यावर पाते धरू देण्याइतका विश्वास समाजाने ज्या व्यवसायावर टाकला, त्या व्यवसायाचा इतिहास हा विश्वासाचाच इतिहास होय. तो कोठल्याही बखरीत सापडावयाचा नाही. तो शोधावयाचा तर धोकटीच उघडून पाहिली पाहिजे. वस्तऱ्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. यास्तव प्रस्तुत लेखकाने त्या धोकटीतील सर्वांत स्वस्त, सर्वांत मुकी आणि सर्वांत शेवटी हाती येणारी वस्तू आज विषयासाठी निवडली आहे. ती वस्तू म्हणजे तुरटी.

धोकटी आणि तिचे धन

गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी नाभिक हा एक. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर गावाची सेवा करावी, असा तो करार होता. या सेवेत केवळ हजामत येत नसे. लग्नकार्यातील नेमून दिलेली कामे, अंगमर्दन, प्रसंगी मशाल धरणे, आणि गावात वैद्य नसेल तेव्हा गळू चिरणे किंवा काटा काढणे, हीही कामे त्याच्याकडेच असत. युरोपातही केस कापणारा आणि शस्त्रक्रिया करणारा हे दोघे दीर्घकाळ एकच होते. लंडनमध्ये १५४० साली या दोन व्यवसायांचा एक संघ झाला आणि १७४५ साली ते वेगळे झाले. फ्रान्समधील आंब्रवाझ पारे हा सोळाव्या शतकातील नामांकित शल्यवैद्य नाभिकाच्याच धंद्यातून वर आलेला होता. तात्पर्य, ज्याच्या हाती पाते, त्याच्या हाती जखमेची जबाबदारी, हा न्याय दोन्हीकडे सारखाच मानला गेला.

धोकटी म्हणजे चामड्याची, कप्प्यांची पिशवी. तिच्यात वस्तरे, कात्री, कंगवा, चिमटा, नखे काढावयाची नराणी, पाण्याची वाटी, लहानसा आरसा, धार लावावयाचा दगड आणि पाते फिरवावयाचा चामड्याचा पट्टा असे. आणि एका कोपऱ्यात, चिंधीत गुंडाळलेला तुरटीचा खडा. सेना महाराजांनी आपल्या धंद्यातील साहित्याला परमार्थाची रूपके केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे. तुरटी मात्र नाही. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. हजामत निर्दोष झाली तर तुरटीचे अगत्य थोडेच. जेथे हात चुकतो तेथे तिचे काम सुरू होते. आपल्या चुकीची तरतूद आपल्याच पिशवीत बाळगणारा हा धंदा आहे, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी त्या खड्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलेल.

नाव आणि गाव

तुरट चवीची म्हणून तुरटी. जिभेवर ठेवली असता तोंड आवळून येते, तेच या शब्दात आले आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत तिला तुवरी, कांक्षी, स्फटिका, सौराष्ट्री अशी नावे आहेत. स्फटिकासारखी दिसते म्हणून स्फटिका, आणि त्यावरूनच हिंदीतील फिटकरी व आपल्या शेजारच्या कानडीतील पटिक हे शब्द आले. सौराष्ट्री हे नाव तर तिचे गावच सांगते. पश्चिम किनाऱ्याकडून ती येत असे. कच्छमध्ये मढ येथे तुरटी तयार करण्याचा जुना धंदा होता, आणि सिंधुनदीकाठच्या कालाबाग येथेही, जे आता पाकिस्तानात आहे, तिची भट्टी लागत असे. गंधक असलेली माती भाजून कुजवावी, पाण्यात तिचा अर्क उतरवावा, त्यात क्षार मिसळून तो आटवावा आणि थंड होऊ द्यावा, म्हणजे भांड्याच्या कडांवर स्फटिक धरतात, अशी ही सर्वसाधारण रीत होती.

परदेशांतही या पांढऱ्या खड्यास मोठा मान होता, तो मुख्यतः रंगाऱ्यांमुळे. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ते त्यास आधी तुरटीचे पाणी देत. पंधराव्या शतकात युरोपला लागणारी तुरटी तुर्कांच्या मुलखातून येई. १४६१-६२ च्या सुमारास रोमजवळ तोल्फा येथे तिचा साठा सापडला, तेव्हा खुद्द पोपने तिचा मक्ता आपल्याकडे घेतला. लॅटिन भाषेत तुरटीस ‘अल्युमेन’ म्हणत. त्यावरूनच पुढे तिच्यातील धातूस अल्युमिनियम हे नाव पडले. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील अल्युमिनियमच्या पातेल्याचे नाव मूळचे या तुरटीचे आहे. त्या धातूचे खनिज जे बॉक्साइट, त्याचे साठे आपल्याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी व चंदगड या तालुक्यांतील पठारांवर आहेत. हल्लीची तुरटी अशाच खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून व त्यात पोटॅशचा क्षार मिसळून कारखान्यांत तयार होते.

खडा काय करतो?

शास्त्राच्या भाषेत नेहमीची तुरटी हा पोटॅशियम व अल्युमिनियम यांचा जोडसल्फेट क्षार आहे. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे बारा रेणू बांधलेले असतात. हातातील कोरड्या दिसणाऱ्या खड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के पाणीच असते, हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटेल. तव्यावर तापविली असता ती सुमारे ९२ अंश उष्णतेस आपल्याच पाण्यात विरघळू लागते, मग खदखदून फुलते, आणि तिची पांढरी, हलकी लाही होते. तोंड आले असता किंवा जखमेवर वापरण्यासाठी आपल्या घरांतील वडीलधारी बायामाणसे ही लाही करून ठेवीत.

हजामतीनंतर ओल्या गालावर तुरटी फिरविली म्हणजे तिचा थोडा अंश विरघळतो. हे पाणी आम्लधर्मी असते. कापलेल्या जागी बाहेर आलेल्या रक्तातील व त्वचेच्या वरच्या थरातील प्रथिने त्यामुळे गोठतात, बारीक केशवाहिन्यांची तोंडे आवळली जातात, आणि रक्त थांबते. सुश्रुताने रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत. तुरट द्रव्य जखम सांधते, थंडावा रक्त गोठवितो, भस्म जखम पक्व करते, आणि डाग दिल्याने शिरा आकसतात, असा त्याचा आशय आहे. हे चार उपाय वाचून आपल्या दुकानातील रोजची रीत आठवावी. वस्तरा थांबला की आधी गार पाण्याचा हबका, मग तुरटी. या चारांतील पहिले दोन उपाय आपले वाडवडील दररोज करीत होते. त्यांच्यापैकी कितीजणांनी सुश्रुताचे नाव ऐकले असेल, हे सांगता येत नाही. पण ग्रंथातील ज्ञान आणि धोकटीतील ज्ञान येथे एकमेकांस भेटलेले दिसतात.

आपल्या शहरातील आणखी एका कारागिराशीही या खड्याचे नाते आहे. कोल्हापुरी वहाणांसाठी कातडे कमावताना चर्मकार बांधव हिरडा व बाभळीची साल वापरतात. हिरडा चाखून पाहावा, चव तुरटच. त्यातील द्रव्य कातड्यातील प्रथिनांस धरून ते आवळते व टिकाऊ करते. द्रव्य निराळे, परंतु त्वचा आवळण्याचा गुण जातीचा एकच. तसेच पंचगंगेचे पाणी पावसाळ्यात गढूळ झाले म्हणजे घागरीत तुरटीचा खडा दोनचार वेळा फिरवून गाळ तळाशी बसविण्याची रीत जुन्या घरांत होती, आणि शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आजही तुरटीवर्गातील क्षारांनीच गाळ खाली बसवितात. मात्र येथे एक भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे. तुरटीने पाणी नितळ होते. नितळ झालेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. म्हणूनच तेथे तुरटीनंतर क्लोरीन घालावे लागते. हा भेद पुढे आपल्या कामी येणार आहे.

मुका परीक्षक

आता हजामतीतील तिच्या जागेविषयी. ऊन पाण्याने दाढी भिजवून मऊ करावयाची, ब्रशाने फेस चढवावयाचा, केसांच्या वळणाने वस्तरा उतरवावयाचा, लागल्यास दुसरा हात द्यावयाचा, मग गार पाणी, आणि चेहरा ओला असतानाच तुरटी. खडाही ओला करून हलक्या हाताने फिरवावयाचा; घासावयाचा नाही. थोडा वेळ थांबून पाण्याने धुऊन काढावयाचे, कारण क्षार अंगावर तसाच वाळला तर कातडी कोरडी पडते. नवा खडा बाजारातून आला म्हणजे त्याच्या धारदार कडा ओल्या दगडावर घासून गुळगुळीत कराव्या लागत. घसरणाऱ्या गालावर पकड यावी म्हणून बोटांना तुरटी लावण्याची युक्तीही जाणते कारागीर वापरीत.

माझे आजोबा शिकाऊ मुलांस एक गोष्ट आवर्जून सांगत. गिऱ्हाईक चांगले म्हणाले की वाईट म्हणाले, याकडे पाहू नका. तुरटी फिरविताना त्याचा चेहरा पाहा. जेथे ती झोंबते, तेथे तुमचा हात जड पडला. वरून रक्त दिसत नसले तरी पात्याने कातडी खरवडलेली असते, आणि डोळ्यास न दिसणारी ती चूक तुरटी त्या माणसाच्या चेहऱ्यावर लगेच दाखविते. गिऱ्हाइकाने डोळा मिटला, ओठ आवळले, की शिकणाऱ्याने आपल्या मनाशी त्या जागेची नोंद करावी. हनुवटीखाली, की ओठाच्या कडेस, की गळ्याच्या घाटीवर. दुसऱ्या दिवशी तेथे हात हलका ठेवावा. अशा रीतीने दोन पैशांचा खडा मुलांचा परीक्षक होई. या परीक्षेत वशिला चालत नसे.

तुरटी जेथे पुरली नाही

येथपर्यंतचे वाचून आपल्या पूर्वजांविषयी अभिमान वाटेल, आणि वाटावा. परंतु इतिहास लिहावयाचा तर त्याची दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. पात्याने होणाऱ्या काही जखमा अशा होत्या की, त्यांवर जगातील कोणतीच तुरटी चालली नसती.

पहिली जखम विधवांच्या केशवपनाची. एखाद्या कोवळ्या वयाच्या मुलीचा नवरा गेला म्हणजे तिला ओढत आणून पुढे बसविण्यात येई, आणि वस्तरा आपल्या हातात दिला जाई. रूढी इतरांची, पण हात आपला. या हाताने एके दिवशी नकार दिला. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतील नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली, आणि यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा निश्चय तिने केला. शेकडो बांधव त्या सभेस होते. रोजच्या कमाईवर पोट असलेल्या माणसांनी मिळणाऱ्या पैशाकडे पाठ फिरवून असे सांगणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. प्रतापगडाचे स्मरण करणाऱ्या आपल्या सभांनी या सभेचेही स्मरण दरवर्षी करावे, अशी माझी विनंती आहे. काही जखमांवर औषध लावावयाचे नसते. वस्तराच खाली ठेवावयाचा असतो, हे त्या बांधवांनी जाणले.

दुसरी जखम सांगताना मान खाली घालावी लागते. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या बांधवांची हजामत करण्यास आपले हात नाकारीत होते. त्या नाकारण्यामागे गावच्या वरिष्ठांची धमकी असे, बलुते तुटण्याची भीती असे, हे खरे. तथापि नाकारलेल्या माणसास त्याचे काय? आपल्या करवीरात राजर्षी शाहू छत्रपतींनी या रूढीच्या मुळावरच घाव घातला. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१९ साली शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास आपल्या हुकुमांनी बंदी केली, आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तीत नाभिक विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला.

या कामी शहरातील सलूनने आपल्या परीने हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही. घरोघर जाणारी धोकटी दुकानात आली, समोर मोठा आरसा आला, खुर्ची आली. खुर्चीवर बसणाऱ्याने पैसे द्यावे आणि पाळीने उठावे. त्याची जात विचारण्याचे प्रयोजन उरले नाही. हेच खोरे, हाच टॉवेल आणि हाच तुरटीचा खडा सर्वांच्या गालांवरून फिरू लागला. ज्या समाजात पाण्याचा पेला निराळा ठेवीत, त्याच समाजात एक खडा सर्व चेहऱ्यांस लागू लागला, ही लहान गोष्ट नव्हती.

याच काळात तुरटी घरांतही शिरली. अमेरिकेत जिलेट याने पातळ पात्याच्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळविले, आणि पहिल्या महायुद्धानंतर घरच्या घरी दाढी करण्याची चाल जगभर वाढली. आपल्या व्यवसायास तो एक धक्का होता. परंतु मौज अशी की, घरी दाढी करणाऱ्याने वस्तरा नवा घेतला, ब्लेड नवे घेतले, पण कापले म्हणजे लावावयास खडा मात्र आपल्या धोकटीतलाच नेला. आजही अनेक घरांत आरशाखालच्या फळीवर तो पांढरा तुकडा असतोच. आणि दुकानाच्या दारावर काळ्या कापडात बांधून दृष्टीसाठी टांगलेला असतो, तो निराळाच.

एकच खडा, अनेक गाल

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तीकडे वळतो.

माझे एक चुलते आयुष्यभर खुर्चीमागे उभे राहिले. हात इतका हलका की, माणसे खुर्चीतच डुलक्या घेत. उतारवयात त्यांस अशक्तपणा वाटू लागला, पोट फुगू लागले. रक्त तपासले तेव्हा यकृतास ‘ब’ प्रकारच्या काविळीने फार दिवसांपासून ग्रासलेले आढळले. डॉक्टरांनी विचारले, “काम करताना आपले बोट कापते का?” चुलते हसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या धंद्यात कोणाचे कापत नाही?” “मग काय लावता?” “तुरटी.” “कोणती?” या शेवटच्या प्रश्नास चुलते क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “दुकानातली. सर्वांना लावतो तीच.” डॉक्टर काही बोलले नाहीत. चुलते त्यानंतर दीड वर्षाने गेले.

तो रोग त्या खड्यातूनच आला, असे कोणी सिद्ध केले नाही, आणि ते करताही येणार नाही. तो इतर अनेक मार्गांनी येऊ शकतो. परंतु डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नाने माझी झोप उडविली. कारण हाच प्रश्न आमच्या खुर्चीवर बसून गेलेल्या प्रत्येकाच्या वतीने आम्हांस कोणीही विचारू शकला असता.

वस्तुस्थिती अशी आहे. ‘ब’ काविळीच्या विषाणूचा शोध १९६५ च्या सुमारास लागला. रक्ताचा दिसेल न दिसेल असा अंशही त्याच्या प्रसारास पुरतो, आणि कोरड्या पृष्ठभागावर तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. ‘क’ काविळीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. १९८६ साली भारतात एचआयव्हीचा पहिला आढळ झाल्यावर आपल्या व्यवसायात मोठी जागृती झाली. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून वापरलेला वस्तरा मागे पडला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास नवे ब्लेड ही रीत रूढ झाली. हे आपण केले, आणि चांगले केले. परंतु नव्या ब्लेडने दाढी झाल्यावर पुष्कळ ठिकाणी हात जातो तो जुन्याच खड्याकडे. ज्या वस्तूचे कामच मुळी उघड्या जखमेला स्पर्श करण्याचे, ती वस्तू मात्र बदलावयाची राहून गेली.

यामागे एक समजूत आहे. तुरटी जंतुनाशक आहे, तेव्हा तिच्यावर जंतू राहतीलच कसे, असे आपल्यापैकी अनेकजण मनापासून मानतात. काही जंतूंची वाढ ती रोखते, हे खरे. पण ती विषाणूंपासून हमखास संरक्षण देते असे मानणे धोक्याचे आहे. गढूळ पाण्याचा दाखला येथे पुन्हा आठवावा. रक्त थांबविणे निराळे आणि निर्जंतुक करणे निराळे. बरे, धातूचे हत्यार उकळून घेता येते, तसा खडा उकळावा म्हटले तर तो विरघळून जाईल. म्हणजे जी वस्तू शुद्ध करता येत नाही, ती सामायिक ठेवता येत नाही; इतका हा हिशेब सरळ आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. तुरटीसारखी स्वस्त वस्तू दुसरी नाही. मोठा खडा फोडून हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवावे, एका माणसास एक तुकडा वापरावा व टाकून द्यावा. नाहीतर शंभर मिलिलिटर स्वच्छ पाण्यात एकदोन ग्रॅम तुरटी विरघळवून ते पाणी फवाऱ्याच्या बाटलीत ठेवावे आणि चेहऱ्यास न लावता दुरून फवारावे. डोळे मात्र सांभाळावे. कापलेल्या जागी लावावयाचे असेल तर ते पाणी कापसाच्या नव्या बोळ्यावर घ्यावे, आणि बोळा टाकून द्यावा. नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपला खडा नाव घालून निराळ्या डबीत ठेवला तर त्याला मानही वाटेल. घरीही बाप, मुलगा व भाऊ यांनी एकच खडा वापरू नये. आपले स्वतःचे बोट कापले तर दुकानातील खडा न लावता साबण व वाहत्या पाण्याने धुवावे, झाकावे, आणि मगच पुढचे काम करावे. ‘ब’ काविळीवर लस आहे. तिचे तीन डोस खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावे, आणि घरच्या भगिनींनी ते घ्यावयास लावावे. आपल्या मंडळाने वार्षिक मेळाव्याच्या दिवशीच अशा लसीकरणाची व्यवस्था केली, तर त्या दिवसाचे सार्थक होईल.

कोणी म्हणेल, एक खडा सर्वांच्या गालास लागला यात समता होती, ती आपण मोडावयास सांगता काय? नव्हे. समता खड्यात नव्हती. ती हातात होती. कोणाही माणसास त्याच खुर्चीवर, त्याच काळजीने, त्याच हलक्या हाताने हजामत मिळणे, ही समता. खडे निराळे झाल्याने ती कमी होत नाही; उलट, समोरच्याचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा मानला, याची ती खूण ठरते.

आजोबांची धोकटी आमच्या घरी अजून आहे. चामडे वाळून कडक झाले आहे, वस्तऱ्यास गंज चढला आहे. चिंधीतील खडा मात्र जसाच्या तसा आहे; मधोमध झिजून त्यास बोटभर खळगा पडला आहे. किती गालांवरून तो फिरला असेल, याची गणती नाही. तो मी जपून ठेवणार आहे, पण कोणाच्या गालास लावणार नाही. आजोबांनी आपल्या काळात जे ज्ञान होते त्याप्रमाणे समोरच्या माणसाच्या जखमेची काळजी घेतली. आपल्या काळात जे ज्ञान आहे त्याप्रमाणे ती आपण घ्यावी, एवढेच त्या खड्याचे आपल्याकडे मागणे आहे. १८९० साली मुंबईच्या सभेतील बांधवांनी वस्तरा खाली ठेवून व्यवसायाची लाज राखली. आपणांस त्या मानाने फारच थोडे करावयाचे आहे. एक जुना खडा खाली ठेवावयाचा आहे.